निगेटिव्ह स्टुडिओत राहील

माझ्याकडे एकोणीस फिल्म कॅमेरे आहेत आणि आजोबांचा एकच फोटो आहे. तोही अर्धा.

आधी कॅमेऱ्यांचं सांगतो, ते सोपं आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पाच महिने गावी होतो, पाथर्डी तालुक्यात. दुपारी लाइट गेली की करायला काही नसायचं. अशाच एका दुपारी माळ्यावर, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांखाली, चुलत्यांचा आगफा क्लिक थ्री सापडला. काळा, ठोकळ्यासारखा, आत कोळ्याचं जाळं. बटण दाबलं तर खट्ट! तीसेक वर्षं कुणी हात लावला नव्हता, तरी शटर उघडलं आणि मिटलं. आमच्या ऑफिसात तीन वर्षांपूर्वीचा कोड चालवायचा म्हटलं तर दोन दिवस जातात. त्या एका खट्टने माझे पुढच्या पाच वर्षांतले बरेच पैसे खाल्ले.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईचा चोरबाजार शुक्रवारी, बाकीचे दिवस मोबाइल. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या नावावर ४,४२५ कॅमेऱ्यांचा गिनेस विक्रम आहे, त्यामुळे एकोणीस हा आकडा मी घरी वडिलांना समजावण्यापुरताच वापरतो. पण या नादात एक गोष्ट लवकर कळली. लेन्स वापरून खराब होत नाही, ओलीने होते. मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्या लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडला की आत कोळिष्टकासारखी बुरशी दिसते. काचेवरच्या पातळ थरात ती शिरली की गेलीच. नगर जिल्ह्यातून (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) मिळालेल्या लेन्समध्ये धूळ असते, बुरशी क्वचित. पश्चिमेचा अकोले तालुका सोडला तर आमचा जिल्हा पर्जन्यछायेत. ज्या कोरडेपणामुळे आमच्याकडची माणसं दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, त्याच कोरडेपणामुळे आमच्याकडच्या लेन्स स्वच्छ राहतात. हे लक्षात आल्यावर मी तालुक्या-तालुक्यातले जुने स्टुडिओ पालथे घालायला लागलो.

आता फोटोचं. भिंतीवर आजोबांचा रंग भरून मोठा केलेला फोटो आहे, १९८९ पासून हार घातलेला. तो ज्यावरून केला ती मूळ प्रिंट आजीच्या ट्रंकेत होती. पोस्टकार्ड साइजची, पण उभी कापलेली. आजोबा उभे आहेत, फेटा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. कापलेल्या कडेशी कापडाचा एक काठ दिसतो, मला वाटलं मागच्या पडद्याची झालर असेल. मागे तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि शाईने लिहिलेला नंबर, २१४७. खाली छापलेलं वाक्य: निगेटिव्ह स्टुडिओत राहील, प्रती केव्हाही मिळतील.

'केव्हाही' या शब्दावर विश्वास ठेवून मी गेल्या वर्षी तिथे गेलो.

पण हा नंबर आणि हा शिक्का मुळात तिथे का होता, हे कळायला जरा मागे जावं लागेल.

फोटोग्राफीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिथे फोटो काढत होते. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या आधी मराठी माणसाच्या हातात कॅमेरा होता. हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही, आणि मला हे हरिश्चंद्रगड चढताना एका अनोळखी ट्रेकरने सांगितलं. तेव्हाचा फोटोग्राफर म्हणजे निम्मा रसायनशास्त्रज्ञ. काच स्वतः माखायची, ओली असतानाच फोटो काढायचा, सुकायच्या आत धुवायची.

पुढचे आपले सिनेमावाले आधी असेच यंत्रात रमलेले लोक होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत फोटोचा व्यवसाय करत. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचे हलते फोटो बघितले आणि विलायतेतून एकवीस गिनीला कॅमेरा मागवला, १८९९ साली त्यावर कुस्ती टिपली. बाबूराव पेंटरांनी तर कोल्हापुरात स्वतःच कॅमेरा घडवला, त्यावर 'सैरंध्री' काढला आणि तो १९२० साली पडद्यावर आला. फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला होता, ते दिवस प्लेगचे, पहिली बायको आणि मूल त्यातच गेलं. कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो अशी समजूत तेव्हा गावोगाव होती, आणि अशा गावात फोटोग्राफर म्हणून पोट भरायचं होतं.

आमच्या जिल्ह्यात एका फोटोवर किती भार पडू शकतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण शिर्डीत आहे. साईबाबा १९१८ साली गेले. त्यांचे कॅमेऱ्याने काढलेले फोटो मोजकेच. समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली आणि ती १९५४ साली बसवली. तालीमांनी बाबांना समोर बसवलेलं नव्हतं, त्यांच्या हाताशी फोटोच होता. आज देशभर रिक्षांच्या आरशांपासून दुकानांच्या गल्ल्यांपर्यंत जो चेहरा दिसतो, तो अशा हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या फोटोंमधून आला.

साध्या माणसाचा फोटो मात्र खूप उशिरा आला, आणि त्याचं कारण बरंचसं दिल्लीच्या आयात धोरणात आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरायचं होतं. कॅमेरा ही चैनीची वस्तू, त्यामुळे आयातीवर बंधनं आणि वर जबर कर. जर्मन किंवा जपानी कॅमेरा यायचा तो आखातातून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या ओळखीतून. सरळ रस्ते दोन. एक देशात बनलेला कॅमेरा. आमच्या माळ्यावरचा क्लिक थ्री जर्मन आगफाच्या परवान्याखाली बडोद्याला बनलेला. साधं भिंग, ऊन आणि ढग अशा चित्रांच्या खुणा, एका रोलमध्ये बारा फोटो. दुसरा रस्ता रशियाचा. १९५३ च्या कराराने सोव्हिएत संघाशी रुपयांत व्यापार सुरू झाला, डॉलर लागत नव्हते. पोलाद कारखान्याची यंत्रं, पुस्तकं, पुढे रणगाडे, आणि त्याच मोठ्या वाटेने झेनिट कॅमेरे. नगर हे तर रणगाड्यांचं गाव, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथेच. माझा झेनिट-ई हातात घेतला की दोन्ही वस्तू एकाच स्वभावाच्या वाटतात: जड, ओबडधोबड, आणि बॅटरीची गरज नसलेल्या. (रणगाड्याला असते, मला माहीत आहे.) त्यावरची हेलिओस ४४-२ ही लेन्स म्हणजे जर्मनीतल्या झाइसच्या बायोटारची रशियन आवृत्ती. महायुद्धानंतर येना शहरातल्या झाइसची यंत्रं आणि माणसं रशियाने नेली, त्यातून ही आली. आज तीच लेन्स अडॅप्टर लावून हजारो मुलं डिजिटल कॅमेऱ्यावर वापरतात, कारण तिच्यात मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. ज्यांनी ती बनवली त्यांना हा दोष वाटत असणार.

फिल्मचंही तेच. उटीला सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७ पासून फिल्म बाहेर पडायला लागली. नाव 'इंदू'. जुन्या फोटोग्राफरांसमोर इंदूचं नाव काढलं की निम्मे हसतात आणि निम्मे हळवे होतात. कारखाना पुढे आजारी पडला आणि बंद झाला. मला एकदा मुदत संपून बरीच वर्षं झालेला इंदूचा एक रोल मिळाला होता. काढलेल्या फोटोंवर नुसतं धुकं आलं, पण रिकामी डबी मी टेबलावर ठेवली आहे.

तर १९७४ साली, बहात्तरच्या दुष्काळातून गाव जेमतेम सावरत असताना, आजोबा तालुक्याला गेले आणि बारापैकी एक फोटो त्यांच्या वाट्याला आला. बारापैकी एक, हे महत्त्वाचं. यशिकासारख्या कॅमेऱ्यात १२० चा रोल लागतो, सहा बाय सहा सेंटीमीटरच्या बारा चौकटी. स्टुडिओवाला एका गिऱ्हाइकाला एकच चौकट द्यायचा, डोळे मिटले तर दुसरी, आणि दुसरी द्यावी लागली की घरी चिडचिड. रोल संपेपर्यंत धुवायचा नाही, म्हणून फोटो 'चार दिवसांनी' मिळायचा. निगेटिव्ह स्टुडिओत राहायची, कारण खरा धंदा प्रतींचा होता. लग्न ठरलं की प्रत, नोकरीच्या अर्जाला प्रत, माणूस गेला की मोठी प्रत. गंमत अशी की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे कागदावर हक्क आजोबांचा आणि वस्तू स्टुडिओच्या कपाटात. हे दोघांनाही माहीत नसावं. दोघांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

मी गेलो तेव्हा स्टुडिओत मूळ मालकाचा मुलगा बसला होता. पंचावन्नच्या पुढचे, मोबाइलच्या काचा बदलतात, पासपोर्ट फोटो काढतात. नंबर सांगितला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, दोन वर्षं आधी यायचं ना."

काळ्या-पांढऱ्या सगळ्या निगेटिव्ह विकल्या होत्या. किलोवर. जुने एक्स-रे घेणारा माणूस तालुक्यात फिरतो, त्यालाच. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर जे काळं दिसतं ती खरोखरची चांदी असते, अगदी बारीक कणांची. रंगीत फिल्ममध्ये मात्र धुताना चांदी काढून टाकतात आणि नुसते रंग उरतात. त्यामुळे भंगारवाल्याने नव्वदनंतरच्या रंगीत निगेटिव्हच्या गोण्या उचलून बघितल्या आणि तिथेच ठेवल्या. त्या अजून आहेत: नव्वदच्या दशकातली शेकडो लग्नं, एकाच पोझमध्ये. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं गेली, कारण त्यांच्यात चांदी होती. आणखी जुन्या काचेच्या निगेटिव्ह तर त्यांच्या वडिलांनीच गरम पाण्याने धुऊन फ्रेमना काच म्हणून वापरल्या होत्या. गावातल्या कितीतरी देवांच्या तसबिरींवर कुणाकुणाचे चेहरे धुतलेली काच आहे.

मी चिडलो नाही, कारण चिडायला तोंड नव्हतं. त्याआधी दोन वर्षं मी असाच एका दुसऱ्या तालुक्यातल्या स्टुडिओत जाऊन एन्लार्जरची लेन्स घेऊन आलो होतो. बाजूला खोक्यांची चळत होती, वर नंबर लिहिलेले. त्यात काय आहे हे मी विचारलंसुद्धा नाही. मी लेन्समध्ये बुरशी आहे का ते बघत होतो. आमच्या कॅमेरेवाल्या ग्रुपवर एका लेन्सच्या फोटोखाली पन्नास जण बोली लावतात, निगेटिव्हच्या खोक्याचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही. ज्या भोकातून गाव दिसलं ते भोक आम्ही जपतो, आणि गाव भंगारवाला नेतो.

हे आपल्याकडे जुनंच आहे. भारतात मूकपटांच्या काळात हजारावर चित्रपट बनले, त्यातले मोजकेच उरले. काही जळाले, कारण तेव्हाची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची. काही सडले. आणि काही चांदीसाठीच विरघळवले गेले. 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती, उरली दोन, आणि तीही १९१३ ची की १९१७ ला पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासक भांडतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. तिथले पी. के. नायर नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडे जाऊन उरलेसुरले तुकडे घेऊन आले नसते तर तेवढंही राहिलं नसतं. दादासाहेब फाळक्यांची ही गत, मग २१४७ नंबरची काय कथा.

काकांनी (आता मी त्यांना काकाच म्हणतो) चहा मागवला आणि वडिलांचा यशिका काढून दाखवला. याशिनॉन ८० मिलिमीटर लेन्स, चार भिंगांची, १९०२ साली झाइसमध्ये पॉल रुडॉल्फने आखलेल्या टेसरच्या घाटाची. आत धूळ, बुरशी नाही. या कॅमेऱ्यात वरून, छातीशी धरून बघायचं असतं, म्हणजे फोटोग्राफर समोरच्या माणसापुढे मान खाली घालून उभा राहतो. काका म्हणाले, वडील उन्हाळ्यात बर्फाची लादी आणायचे, डेव्हलपर थंड ठेवायला. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, बोरॅक्स तागडीत तोलून घालायचे. मी म्हटलं, मीही हेच तोलतो, पुण्यात बाथरूममध्ये, मे महिन्यात फ्रीजमधला बर्फ टाकून. कृती १९२७ सालची आहे, नाव डी-७६, आणि तिच्यात काहीच बदललेलं नाही. एका लिटरला मेटॉल किती, हे त्यांनी मला विचारलं. दोन ग्रॅम, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि उठून आतून रजिस्टर आणलं.

रजिस्टरचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्यात चांदी नसते, म्हणून ते राहिलं होतं. लाल पुठ्ठ्याची मोठी वही, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. २१४७: ११ मे १९७४, आजोबांचं नाव, गाव, पो.का., ३ प्रती, ॲडव्हान्स ५ रु. आणि पुढे वेगळ्या शाईत, 'दिले'.

तीन प्रती. आमच्याकडे एक, तीही अर्धी. दोन कुठे गेल्या?

डीबगिंग करताना लागतो तसला चिवटपणा मला नोकरीने दिला आहे. घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला फोन केले. १९७४ साली आजोबांनी फोटो कुणाला द्यावा? भावाला दिला असता तर तो पुरात किंवा वाटणीत गेला असेल, असं चुलते म्हणाले. आजी काहीच म्हणाली नाही, तिने फक्त एका नणंदेचं नाव घेतलं, नेवाशाकडे दिलेली. म्हणजे वडिलांची आत्या. त्या जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्या सुनेने फोनवर हसत सांगितलं की फोटोबिटो काही नाही, जुना आरसा आहे तेवढा. मी रविवारी गाडी काढली.

आरशाची मागची फळी सैल होती म्हणून तिच्या आत जाड कागद दुमडून घातलेला होता. वर्तमानपत्र, एक लग्नपत्रिका, आणि आत पोस्टकार्ड साइजची प्रिंट. कडेला पिवळी पडलेली, मध्ये घडी. पण पुरी.

आजोबा उभे, फेटा, हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्चीत आजी बसलेली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर हात घट्ट धरलेले, नजर थेट त्या यशिकाच्या लेन्समध्ये. मी ज्याला पडद्याची झालर समजत होतो तो तिच्या लुगड्याचा काठ होता.

का कापला ते चुलत्यांनी रात्री सांगितलं. आजोबा गेल्यावर दहाव्याच्या आत भिंतीवर फोटो हवा होता. हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस चालत नाही. स्टुडिओत जाऊन नंबर सांगून नुसता आजोबांचा करून घेता आला असता, पण सुचलं नाही, घाई होती. कात्री घेतली आणि नगरला जाऊन कॉपी करून आणला. दुसरा अर्धा कुठे गेला ते त्यांना आठवत नाही. आजीचा तरुणपणीचा दुसरा फोटो नाहीच. त्यानंतरचा तिचा पहिला फोटो मतदार ओळखपत्रावरचा, नव्वदच्या दशकातला, त्यात ती पन्नाशीला आलेली आणि अर्धी हललेली आहे.

यशिका मी विकत घेतला नाही. काकांकडून महिनाभर वापरायला मागितला. रजिस्टरचं पानन् पान फोनवर टिपून घेतलं, आणि रंगीत निगेटिव्हच्या गोण्या आता माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आहेत, रूममेटचा विरोध पत्करून. त्या लग्नांतली माणसं अजून हयात आहेत, नंबरावरून नाव लागतं, नावावरून गाव. आत्तापर्यंत चौदा घरांत त्यांचे त्यांचे फोटो पोचवले. एका घरी दारातूनच परत पाठवलं, ते लग्न टिकलं नव्हतं.

पुरी प्रिंट आजीला दाखवली तेव्हा ती ओट्यावर शेंगा निवडत होती. हात पदराला पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. बराच वेळ आजोबांकडे बघत असेल असं मला वाटलं.

"ते लुगडं माझं नव्हतं रं," ती म्हणाली. "जावंचं व्हतं. फोटो झाला की लगीच घडी घालून दिलं."